चेन्नईत कार्य ठरलंय? आधी घड्याळं जुळवा

पुण्या-मुंबईच्या घरातल्या मुलाने किंवा मुलीने तमिळ जोडीदार निवडला आणि कार्य चेन्नईत करायचं ठरलं, की पहिली चकमक पत्रिकेच्या मसुद्यावर होते. रिसेप्शन आदल्या दिवशी संध्याकाळी साडेसहापासून आणि मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते साडेसात, असं त्यात छापलेलं असतं. आपल्याकडची वडीलधारी मंडळी विचारतात, लग्न लागायच्या आधी दोघांना जोडीने मंचावर कसं उभं करायचं?

चेन्नईत ही सर्रास रीत आहे. पहाटेच्या मुहूर्ताला घरची आणि अगदी जवळची माणसं असतात. कचेरीतले सहकारी, शेजारी, ओळखीपाळखीचे लोक आदल्या संध्याकाळी येतात, वधूवरांना भेटतात, जेवतात आणि जातात. तुम्ही हट्टाने लग्नानंतरच्या संध्याकाळी रिसेप्शन ठेवलंत, तर मंडप आणखी एक दिवस घ्यावा लागतो आणि चेन्नईचे निम्मे पाहुणे गोंधळतात. म्हणून वेळेवरून वाद घालू नका. आपल्याकडे सीमांतपूजन आणि वाङ्निश्चय आदल्या संध्याकाळीच असतात, याची घरच्यांना आठवण करून द्या. तमिळ घरांतही निश्चितार्थ, म्हणजे त्यांचा वाङ्निश्चय, पुष्कळदा त्याच संध्याकाळी, रिसेप्शनच्या आधी उरकतात. दोन्ही घरांचा वाङ्निश्चय एकत्र झाला, अंगठ्या घातल्या गेल्या, की मग मंचावर उभं राहणारं जोडपं रीतसर ठरलेलं असतं. आजी-आजोबांची अडचण तिथेच सुटते.

माझं मत स्पष्ट आहे. परक्या गावात कार्य करताना त्या गावाचं घड्याळ आणि त्या गावाचं स्वयंपाकघर मनापासून स्वीकारावं, आणि आपल्या रीतींसाठी मात्र नेमकी जागा, नेमकी मिनिटं आधीच मागून घ्यावीत. मराठीपण सगळीकडे थोडंथोडं शिंपडायला गेलं, की ते कुठेच दिसत नाही.

सुरुवात तारखेपासून. आपलं पंचांग चांद्र, तमिळ पंचांग सौर. त्यामुळे दोन्हीकडचे निषिद्ध काळ वेगवेगळे पडतात. तमिळ घरांत आडी महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, लग्नं होत नाहीत. मार्गळीत, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून पोंगलपर्यंत, होत नाहीत. पुरट्टासी, म्हणजे सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य, हाही पुष्कळ घरांत टाळतात. उलट आवणीत, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, तिथे धूमधडाक्याने लग्नं लागतात, तेव्हा आपला चातुर्मास चालू असतो. तुळशीच्या लग्नानंतर आपल्याकडे मुहूर्त सुरू होतात आणि मुलं नाताळच्या सुट्टीत परदेशातून येतात, म्हणून मराठी घरं डिसेंबरचा शेवटचा आठवडा सुचवतात. तो तमिळ व्याह्यांना चालणार नाही. पोंगल झाल्यावर तै महिना लागतो. त्यांच्या लेखी तो उत्तम, पण त्याच्या सुरुवातीला आपला पौष असू शकतो आणि पौष आपल्याकडे अनेक घरांत नको असतो.

दोन्ही पंचांगं समोर ठेवली, तर सगळ्यात निर्वेध काळ माघ-फाल्गुनात, म्हणजे फेब्रुवारी ते मार्चच्या सुरुवातीला सापडतो. तेव्हा हवाही सोसण्याजोगी असते. एप्रिल-मेमध्ये मुहूर्त भरपूर. पण मेच्या पहिल्या आठवड्यापासून जवळजवळ महिनाअखेरपर्यंत चेन्नईत अग्निनक्षत्राचे दिवस, पारा चाळिशीच्या आसपास, आणि त्यात समुद्राची दमट हवा. नऊवारी आणि फेटे घालून उभं राहणाऱ्यांचा विचार करा. कार्तिक-मार्गशीर्षात मुहूर्त जुळतील, पण चेन्नईचा मुख्य पाऊस आपल्यासारखा जूनमध्ये पडत नाही. तो ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो, आणि वादळंही तेव्हाच. डिसेंबर २०१५च्या पुरात चेन्नईचा विमानतळ काही दिवस बंद होता. डिसेंबर २०२३मध्ये मिचाँग वादळात धावपट्टी पुन्हा पाण्याखाली गेली. या महिन्यांत कार्य करायचंच असेल, तर महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना किमान एक दिवस आधी पोहोचू द्या आणि उघड्या हिरवळीवरचा बेत मनातून काढून टाका.

वारही पाहायचा. तमिळ घरं मंगळवार आणि शनिवार सहसा टाळतात. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी लग्न असणं तिथे नेहमीचं आहे. शनिवार-रविवारच्या सुट्टीतच हवं असा आग्रह धरलात, तर हाती उरतो तो रविवारचा मुहूर्त आणि शनिवारचं रिसेप्शन. चांगली जुळणी आहे ती, पण तिला मागणीही सगळ्यात जास्त. त्यासाठी मंडप वर्षभर आधी धरावा लागतो.

आणि राहुकाळ. आपल्याकडे तो पंचांगात छापलेला असतो, पण तमिळ घरांत तो खरोखर पाळला जातो. सोमवारी साडेसात ते नऊ, शनिवारी नऊ ते साडेदहा, शुक्रवारी साडेदहा ते बारा, बुधवारी बारा ते दीड, गुरुवारी दीड ते तीन, मंगळवारी तीन ते साडेचार, रविवारी साडेचार ते सहा. याचा व्यवहारातला परिणाम असा, की लग्न सोमवारी असेल तर आदल्या रविवारी साडेचारला तुम्ही सीमांतपूजन सुरू करू शकत नाही. ते चारच्या आत आटपावं लागेल किंवा सहानंतर ढकलावं लागेल, आणि सहानंतर रिसेप्शनची माणसं दारात असतात. मंडपाची इसारत देण्याची, साड्या घ्यायला निघण्याची वेळसुद्धा व्याह्यांना विचारून ठरवा. तुमचा विश्वास असो वा नसो, त्यांच्या मनाला ते लागतं.

आता जागा. चेन्नईत मंगल कार्यालयाला कल्याणमंडपम म्हणतात. मैलापूर, टी. नगर, राजा अण्णामलैपुरम, कोडंबाक्कम, अडयार या जुन्या वस्त्यांत ते गल्लोगल्ली आहेत. कोडंबाक्कमचा राघवेंद्र कल्याणमंडपम रजनीकांत यांच्या मालकीचा म्हणून सर्वांना ठाऊक आहे. मोठी पंचतारांकित हॉटेलं आहेत, आणि महाबलीपुरमच्या दिशेने ईस्ट कोस्ट रोडवर समुद्राकाठची रिसॉर्टं आहेत. छायाचित्रांत रिसॉर्ट उत्तम दिसतं. पण रिसेप्शनला येणारा चेन्नईकर कचेरी सुटल्यावर येतो. त्याला तीस-चाळीस किलोमीटर बाहेर बोलावलं तर तो येणार नाही, किंवा दहा वाजता येईल. व्याह्यांची माणसं शहरात राहत असतील, तर शहरातला मंडप घ्या.

मंडपाचं भाडं साधारणपणे आदल्या दिवशी दुपारपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतचं असतं. पाहायला जाल तेव्हा सभागृहाच्या झुंबरांपेक्षा चार गोष्टी नीट बघा. वधूपक्ष आणि वरपक्षाच्या खोल्या किती, आणि पहाटे चार वाजता पन्नास माणसांना आंघोळीला गरम पाणी मिळेल का? जेवणाचं दालन वर आहे की खाली, आणि लिफ्ट आहे का? होमाला परवानगी आहे का, आणि धूर जायला वाट आहे का? गाड्या लावायला जागा किती? मग करार वाचा. वीज मीटरप्रमाणे, जनरेटरचं डिझेल तासाप्रमाणे, साफसफाई, भांडी, गॅस, पाणी, रखवालदार, कर, हे सगळं भाड्याच्या वर लागू शकतं. काही मंडपांत सजावटवाला आणि आचारी त्यांचाच घ्यावा लागतो, बाहेरचा आणला तर वेगळी रक्कम घेतात. बहुतेक पारंपरिक मंडपांत सामिष जेवण चालत नाही. हे सगळं लेखी घ्या. पैसे बँकेतून द्या. एका समारंभासाठी एका व्यक्तीकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याची बंदी आहे, आणि पुढे रकमेवरून मतभेद झाला तर बँकेची नोंदच उपयोगी पडते.

जेवणावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण चेन्नईत कार्याची परीक्षा पानावर होते. तिथला आचारी चार वेगळे आकडे विचारतो: संध्याकाळचं टिफिन, रिसेप्शनचं जेवण, सकाळचा नाश्ता आणि मुहूर्ताचं जेवण. दर पानाप्रमाणे, आणि ठरलेल्या आकड्यापेक्षा माणसं कमी आली तरी पैसे पूर्ण. मराठी घरं इथे चुकीचा हिशेब करतात. ती दुपारच्या जेवणाला सगळ्यात मोठा आकडा धरतात, कारण आपल्याकडे गर्दी तेव्हा असते. चेन्नईत सगळ्यात मोठी पंगत रिसेप्शनची. सकाळी माणसं त्याच्या निम्म्यानेही नसतील. शिवाय मुहूर्त साडेसातला संपला, की मुहूर्ताचं जेवण दहा-साडेदहाला सुरू होतं. सकाळच्या विमानाने येऊन एक वाजता पंगतीला बसू असं धरून चालणाऱ्या मामांना तिथे आवराआवर चाललेली दिसेल. त्यांना ही वेळ पत्रिकेबरोबर कळवा, फोन करून पुन्हा कळवा.

चेन्नईचे लग्नाचे आचारी हे मोठं वैभव आहे. 'अरुसुवै' नटराजन यांच्यासारखे आचारी तिथे नावाने ओळखले जातात. अशा माणसांकडून पनीरच्या भाज्या आणि चायनीज मागवणं म्हणजे हातातली संधी घालवणं. सकाळच्या नाश्त्याला इडली, वेण पोंगल, मेदुवडा, रवा केसरी आणि फिल्टर कॉफी असू द्या. मुहूर्ताच्या जेवणाला केळीच्या पानावर त्यांचा पूर्ण क्रम असू द्या: आधी पायसमाचा थेंब, मग कोशिंबिरी, भाज्या, अप्पळम, भातावर परुप्पु म्हणजे वरण आणि तूप, मग सांबार, मग रसम, पुन्हा पायसम, शेवटी ताक किंवा दहीभात. आपल्या वरणभात ते ताकभात या वाटेने हे जेवण जातं, त्यामुळे आपल्या माणसांना ते परकं वाटत नाही. भात मात्र भरपूर आणि पोळी नाही. साखरेचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांसाठी वीस-पंचवीस पोळ्या वेगळ्या सांगून ठेवा. चहाही मुद्दाम सांगा, नाहीतर फक्त कॉफी येते.

मराठी पदार्थ एक, फार तर दोन ठेवा, आणि असे ठेवा की तिथला आचारी ते उत्तम करील. पुरणपोळीची त्यांची बहीण, पोळी, चेन्नईत घरोघरी माहीत आहे, डाळीची आणि नारळाची दोन्ही. ती पानात गरम वाढली तर दोन्हीकडची माणसं खूश होतात. मसालेभात करायचा असेल तर गोडा मसाला घरून न्या आणि आचाऱ्याला आदल्या महिन्यात एकदा करून दाखवायला सांगा. जिलबी-मठ्ठा सहज जमतो. अळूच्या फतफत्याचा हट्ट सोडा.

पंगतीत आपल्या माणसांना दोन शब्द शिकवून ठेवा: 'कोंजम' म्हणजे थोडं, 'पोदुम' म्हणजे पुरे. वाढपी वेगाने येतात आणि पानावर हात आडवा धरल्याशिवाय थांबत नाहीत. जेवण झालं की पान आपल्या बाजूला दुमडायचं.

आता विधी. दोन घरांच्या लग्नात सगळ्यात जास्त ताण इथे येतो, आणि तो ऐन मुहूर्तावर येतो. आपल्याकडे मुहूर्ताचा क्षण म्हणजे अंतरपाट दूर होण्याचा. तमिळ लग्नात मुहूर्ताचा क्षण म्हणजे ताली, त्यांचं मंगळसूत्र, बांधण्याचा. दोघांनाही आपापला क्षण शुभवेळेत हवा असतो. तमिळ पत्रिकेवर मुहूर्त एका मिनिटाचा नसून साधारण दीड तासाचा पट्टा असतो, ही मोठी सोय आहे. पट्टा सुरू होताच अंतरपाट आणि मंगलाष्टका घ्या. मग कन्यादान. मग ताली पट्ट्याच्या शेवटाकडे. तमिळ ब्राह्मण पद्धतीत ताली बांधण्याआधी मुलगी वराकडची कूरै साडी नेसायला आत जाते. नऊवारी मडिसार नेसायला वेळ लागतो, तो धरून चाला. मुलगी मराठी असेल तर मामाने दिलेली पिवळी अष्टपुत्री कन्यादानाला आणि कूरै तालीला, असं दोन्ही घरांच्या साड्यांचं रीतसर जुळतं. मंगलाष्टका मात्र मोजक्या ठेवा. प्रत्येक आत्याने आणि मावशीने स्वतः रचलेली म्हणायची असेल तर ती आदल्या संध्याकाळी, वाङ्निश्चयानंतर म्हणू द्या. पहाटे पाच-सहा मंगलाष्टकांपेक्षा जास्त नकोत.

तमिळ विधींपैकी काशीयात्रा, माळा घालणं आणि ऊंजल, म्हणजे झोपाळा, हे कन्यादानाच्या आधी होतात. माळा घालताना मामा वधूवरांना उचलून घेतात. आपल्या मामांना हे आधी सांगा, म्हणजे ते तयारीने येतील. ऊंजलच्या वेळी बायका गाणी म्हणतात. तिथे मराठी बायकांनीही आपली जुनी गाणी म्हणावीत, ती जागा त्यासाठीच आहे.

नादस्वरवाल्यांशी बोलणं विसरू नका. सनईची सवय असलेल्या आपल्या कानांना नादस्वर आणि तविल आवडतात, पण त्यांचा आवाज मोठा आहे आणि मंगलाष्टका त्यात बुडतात. त्यांना आधी सांगा: अंतरपाट धरला की पूर्ण शांत, आणि शेवटचं 'सावधान' म्हटलं की हात वर करून खूण करू, तेव्हा वाजवा. ताली बांधताना तेच कलाकार गेट्टी मेळम, म्हणजे पूर्ण जोराचा गजर करतात. ती खूण व्याह्यांकडचं कुणीतरी करतं. खूण करणारी दोन माणसं नक्की असली की दोन्ही क्षण लखलखीत होतात.

दोन्हीकडच्या पुरोहितांना महिनाभर आधी फोनवर एकमेकांशी बोलायला लावा. आपले गुरुजी बहुधा आश्वलायन सूत्राचे, म्हणजे ऋग्वेदी; तमिळ वाध्यार बरेचदा आपस्तंब सूत्राचे, यजुर्वेदी. गुरुजी हिरण्यकेशी, म्हणजे तेही यजुर्वेदी, असतील तर अंतर आणखी कमी. संस्कृत दोघांना येतं, होमाचा गाभा सारखा आहे, आणि समोरासमोर बसले की ते लवकर एकमत करतात. मुख्य विधी एकाच पद्धतीने, एकाच पुरोहिताच्या हाती असावा; दुसऱ्या पद्धतीतले दोन-तीन विधी त्यात ठरलेल्या जागी यावेत. दोन पूर्ण लग्नं एकापाठोपाठ लावण्याचा प्रयत्न करू नका. सप्तपदी दोनदा घालताना वधूवर दमतात आणि दोन्हीकडचे पाहुणे कंटाळतात.

व्याही द्रविड चळवळीच्या परंपरेतले असतील तर वेगळंच चित्र असेल. तमिळनाडूने १९६७च्या कायद्याने स्वाभिमान विवाहाला हिंदू विवाह कायद्यात मान्यता दिली. त्यात पुरोहित नसतो, नातेवाईक आणि मित्रांच्या साक्षीने माळा, अंगठी किंवा ताली एवढंच पुरतं. महात्मा फुल्यांचा सत्यशोधक विवाह ठाऊक असलेल्या मराठी घराला हे समजायला जड जाऊ नये. अशा लग्नात मंगलाष्टकांची मागणी आधी मोकळेपणाने करा. पुष्कळ घरं गाणं म्हणून ती आनंदाने स्वीकारतात.

रिसेप्शनच्या संध्याकाळी आपल्याकडची माणसं कोपऱ्यात घोळका करून बसतात, हे मी अनेक कार्यांत पाहिलं आहे आणि मला ते खटकतं. दाराशी स्वागताचं टेबल असतं: चंदन, कुंकू, खडीसाखर, फुलं, गुलाबपाणी. तिथे वरपक्ष-वधूपक्ष दोन्हीकडच्या बायका उभ्या राहिल्या पाहिजेत. नऊवारी, नथ आणि हसतमुख चेहरा असला की तमिळ येत नसलं तरी चालतं. मंचाखालीही आपल्याकडचा एक माणूस व्याह्यांच्या माणसाशेजारी उभा करा, म्हणजे येणाऱ्याची ओळख दोघांच्या आईवडिलांना करून दिली जाईल. भेटायला आणि छायाचित्राला लांब रांग लागते, वधूवर तीन-तीन तास उभे असतात. सहाच्या आत त्यांना पोटभर खायला घाला आणि मध्ये पंधरा मिनिटं खाली बसू द्या. दुसऱ्या दिवशी त्यांना पहाटे साडेतीनला उठायचं आहे. म्हणून वाद्यवृंद साडेनऊला थांबवा. उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर चालत नाहीच. मद्याचा विषय मंडपात काढू नका: २०२३च्या एप्रिलमध्ये तमिळनाडू सरकारने लग्नमंडपांत विशेष परवान्याची अधिसूचना काढली होती, ती टीकेनंतर मंडपांपुरती मागे घेतली. मित्रांना वेगळी मैफल हवी असेल तर ती हॉटेलात, दुसऱ्या दिवशी.

नेण्याच्या वस्तूंची यादी घरच्या बाईमाणसांनी मिळून करावी, कारण चेन्नईत सोनं, रेशीम, फुलं हवी तितकी मिळतील, पण मुंडावळ्या मिळणार नाहीत. अंतरपाट, हिरवा चुडा, वाट्यांचं मंगळसूत्र, आपल्या घडणीची जोडवी, फेट्यांची कापडं, रुखवताच्या वस्तू, हे सगळं दादर किंवा तुळशीबागेतून घेऊन सामानात ठेवा, आणि मुंडावळ्यांचे दोन जोड ठेवा. फेटे बांधणारा माणूस नातेवाइकांतला शोधा; नसेल तर पुण्याहून न्या, त्याचं तिकीट सार्थकी लागतं. रुखवत मांडायला मंडपात टेबलं आधी सांगा. तमिळ घरांतही सीर वरिसैची, म्हणजे लग्नात द्यायच्या वस्तूंची, ताटं मांडतात, ती शेजारी-शेजारी ठेवली की बघायला गर्दी होते. ताली आणि मंगळसूत्र दोन्ही घालायचं असेल तर आधी हळदीच्या दोऱ्यातली ताली, लगेच मागून काळ्या मण्यांचं मंगळसूत्र.

साड्यांसाठी वेगळा दिवस ठेवा. टी. नगरला नल्लीचं १९२८ पासूनचं दुकान आहे, आजूबाजूला इतर मोठी दुकानं आहेत, आणि कांचीपुरम पंचाहत्तर किलोमीटरवर आहे. खऱ्या कांजीवरमचा काठ वेगळ्या रंगात विणून अंगाशी जोडलेला असतो; साडी उलटी करून तो जोड बघा आणि सिल्क मार्क तपासा. विहिणीला पैठणी न्या, ती तिथे फार मानाने नेसली जाते.

तमिळनाडूत १ जानेवारी २०१९पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर बंदी आहे. टेबलावर अंथरायचा प्लास्टिक कागद, प्लास्टिकचा थर असलेले पेले आणि ताटल्या, पिशव्या, पाण्याचे पाऊच, काही चालत नाही. जाताना पाहुण्यांना द्यायच्या तांबूलाच्या पिशव्या कापडी घ्या. पिवळ्या कापडी पिशवीचा, मंजप्पैचा, सरकारनेच २०२१मध्ये पुन्हा प्रसार सुरू केला. विमानाने परतणाऱ्यांच्या पिशवीत नारळ घालू नका, सुरक्षा तपासणीत तो अडतो.

प्रवासात मुंबईहून पुणे, सोलापूर, वाडी, गुंतकल मार्गे गाडीने साधारण एक दिवस लागतो. १ नोव्हेंबर २०२४पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण फक्त साठ दिवस आधी उघडतं, म्हणून साठाव्या दिवशी सकाळी आठला तीन-चार तरुण मंडळी फोन घेऊन बसवा. मंडपाजवळच्या लॉजमध्ये खोल्या घ्या; पहाटे पाचला म्हाताऱ्या माणसांना शहराच्या दुसऱ्या टोकाहून आणणं कठीण जातं. आणि व्याह्यांखेरीज तमिळ बोलणारा एक माणूस आपल्या बाजूला हवा. आचारी, सजावटवाले, वाहनचालक यांच्याशी हिंदीत काम होत नाही, इंग्रजीत थोडं होतं. असा माणूस शोधताना चेन्नईतल्या मराठी माणसांकडे वळा. सौकारपेठेत विटा-खानापूर भागातून गेलेली सोन्याच्या गलाईतली कुटुंबं आहेत, आणि तंजावरच्या मराठी राज्याबरोबर गेलेल्यांचे वंशज आहेत, ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही भाषा चालतात. जॉर्ज टाउनमधल्या काळिकांबाळ मंदिरात शिवाजी महाराज १६७७मध्ये दर्शनाला आले होते असं सांगितलं जातं. पाहुण्यांचा मोकळा वेळ तिथे सत्कारणी लागेल.

शेवटचं काम विवाहनोंदणीचं, आणि ते सगळ्यात जास्त विसरलं जातं. तमिळनाडूच्या २००९च्या कायद्याप्रमाणे राज्यात लागलेल्या प्रत्येक लग्नाची नोंदणी सक्तीची आहे, आणि ती नव्वद दिवसांत करायची असते. त्यानंतर जादा शुल्क भरून दीडशे दिवसांपर्यंत मुदत मिळते. लग्न चेन्नईत लागलं असेल तर नोंदणीही तिथल्या उपनिबंधकाकडे होते, त्यासाठी पुण्याहून पुन्हा जावं लागू नये. पत्रिका, मंडपाची पावती, वय आणि पत्त्याचे पुरावे, छायाचित्रं एका पाकिटात आधीच ठेवा, साक्षीदार ठरवून ठेवा, आणि जोडपं चेन्नईतून हलण्यापूर्वी, त्याच आठवड्यात, नोंदणी करून घ्या.